मैत्रीच्या टाचा

गेल्या वर्षभरात मला एक वाईट सवय लागली आहे. समोर लहान मूल दिसलं की मी आधी त्याच्या टाचांकडे बघते. हसतंय की रडतंय, कुणाचं आहे, हे सगळं नंतर. लग्नाच्या मांडवात असो, बाजारात असो की रेल्वेच्या डब्यात. टाच टेकलेली दिसली की बरं वाटतं आणि लगेच हेवाही वाटतो. दुसऱ्याच्या लेकराचा हेवा करू नये हे मला कळतं. पण वाटतो, तर काय करू?

माझी मुलगी मैत्री आता चार वर्षांची होईल. ती अजून आधाराशिवाय चालत नाही. पुढे चालेल का, हे मी प्रत्येक वेळी विचारते आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं, "प्रयत्न करत राहू." तेव्हा सगळं कसं छान झालं ते वाचायला कुणी बसलं असेल तर त्याची निराशा होईल. आमचं अजून चालू आहे.

तरी लिहिते आहे, कारण मी अंगणवाडी सेविका आहे. मूल कधी मान धरतं, कधी बसतं, कधी उभं राहतं, कधी चालतं हे दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगणं हेच माझं काम. माझं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन मला तोंडपाठ असतं. आणि माझ्याच घरात काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी बघत होते, हाताने लपवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जमीन न लागलेलं लेकरू

मैत्री आठव्या महिन्यात झाली. रडायला तिला वेळ लागला. एकोणीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर बाकावर. घरी आणली तेव्हा दोन तळहातांत मावायची. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांनी दारातच तिला माझ्याकडून घेतलं आणि त्या दिवसापासून ती कुणाच्या ना कुणाच्या अंगावरच राहिली. आत्याबाईंच्या मांडीवरून सासऱ्यांच्या खांद्यावर, खांद्यावरून माझ्या कडेवर. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा शेतातून आले की हातपाय धुऊन आधी नात मागायचे.

"आत्याबाई, थोडं पालथं घालून खाली ठेवू या का?" मी एकदोनदा म्हणून पाहिलं.

"खाली? आन् इंचू-काटा निगाला तर? एवढंसं लेकरू हाय ते. तुजं शिकवनं तुज्या अंगनवाडीत."

खरं सांगायचं तर मलाही ती खाली नको होती. पेटीतल्या एकोणीस दिवसांनी माझ्यात जी भीती भरली होती, तिला मांडी सोडून दुसरी जागा सुरक्षित वाटतच नव्हती. दुपारी मी गृहभेटीला जायची आणि लोकांच्या सुनांना सांगायची, "लेकराला पालथं घाला, खाली खेळू द्या, सारखं कडेवर घेऊ नका." घरी आले की चप्पल काढायच्या आधी मैत्रीला कडेवर घ्यायची.

ती बसायला लागली तेव्हा तिच्याबरोबरची मुलं उभी राहत होती. आठव्या महिन्याचं लेकरू, थोडं मागं राहणारच, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण थोडं म्हणजे किती, याचा हिशोब मला येत होता आणि मी तो करत नव्हते.

पांगुळगाडा आणि टिक

दीड वर्षाची झाली तरी ती उभी राहीना. मामांनी सुताराला सांगून बाभळीच्या लाकडाचा पांगुळगाडा करून घेतला. तीन चाकं, पुढे धरायला दांडी. लेकराने दांडी धरून गाडा ढकलायचा आणि ढकलता ढकलता चालायला शिकायचं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं अशीच शिकली. मैत्रीने दांडी घट्ट धरली, गाडा पुढे पळाला आणि ती त्याच्यामागे ओढल्यासारखी चार पावलं गेली. चवड्यांवर. गुडघे एकमेकांवर घासत. मामांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी तिची दृष्ट काढली.

त्याच आठवड्यात मी टिक केली.

प्रत्येक बाळाचं एक कार्ड असतं. त्यावर चित्रं असतात, बसणारं बाळ, उभं राहणारं बाळ, चालणारं बाळ. मूल ते करायला लागलं की त्या चित्राखाली सेविकेने खूण करायची. माझ्या पर्यवेक्षिका मॅडम दर महिन्याला कार्डं बघायच्या. आणि मी टिक केली त्याच्या आदल्या दिवशी गावातली रुक्मीण लसीकरणाच्या रांगेत सगळ्यांदेखत बोलली होती, "सेविकेचंच लेकरू चालंना आन् आमाला शिकवायलीय." बायका हसल्या. मीही हसले.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या बुद्धवाड्यातली या गावात सेविका झालेली मी पहिलीच. माझ्या हातची खिचडी आपल्या लेकराला खाऊ द्यायला काही घरांना वर्ष लागलं, काहींना दोन. मी कुणाशी भांडले नाही. कामात खोट काढता येणार नाही असं काम करायचं, एवढंच ठरवलं होतं. आणि आता खोट निघत होती ती थेट माझ्या पोटच्या लेकरात. असं मला तेव्हा वाटलं. लेकराच्या आजाराला मी खोट म्हटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गाडा धरून का होईना, चालते ना, असं म्हणत मी निळ्या पेनने चालणाऱ्या बाळाखाली टिक केली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे मुलांची तपासणी करणारं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत आलं तेव्हा मैत्री झोपलेली होती. त्यांनी कार्ड पाहिलं, सगळ्या खुणा जागच्या जागी. "तुमचीच मुलगी ना ताई? मग काय बघायचं," म्हणून पुढचं नाव घेतलं. मी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या मुलीच्या आयुष्यातले आठ महिने मी त्या श्वासात घालवले.

कांताबाई

कांताबाई माझ्या अंगणवाडीच्या मदतनीस. वयाने माझ्या आईएवढ्या, बोलायला कमी. मैत्री तोवर माझ्याबरोबर अंगणवाडीत येऊ लागली होती. भिंतीला धरून उभी राहायची, इतर मुलं फेर धरायची तेव्हा टाळ्या वाजवायची. एक दिवस भांडी विसळता विसळता कांताबाई म्हणाल्या, "ताई, राग येऊ देऊ नका. पन ह्या लेकराची टाच खाली टेकलेली तुमी कदी बगितली का?"

मला राग आला. फार आला. मी म्हटलं, "तिला सवय हाय तशी."

"सवय असंल. पन मी तिला झोपल्यावर बी बगितलंय. झोपेत बी पाय ताठच हाय."

त्या पुन्हा भांडी विसळू लागल्या. दुपारी मैत्री झोपल्यावर मी तिचं पाऊल हातात घेतलं आणि हळूच वर वाकवून पाहिलं. ते वाकेना. जोर लावला तर तिने झोपेतच तोंड वाकडं केलं. मी ते अलगद खाली ठेवलं आणि चादर ओढून झाकलं.

निदानाचा दिवस

परभणीच्या दवाखान्यात मी आणि आत्याबाई गेलो. मैत्रीचे बाबा गंगाखेडकडे साखर कारखान्यात कामाला, हंगाम चालू असला की आठवड्यातून एकदा घरी. त्यांना मी फोनवर "दाखवून आणते" एवढंच सांगितलं होतं. तपासणीच्या खोलीत एकालाच आत सोडत होते. आत्याबाई बाहेर डबा घेऊन बसल्या.

डॉक्टरांनी मैत्रीला टेबलावर निजवलं. पाय वाकवले, सोडले, गुडघ्यावर ठोकलं, उभं करून पाहिलं. तिच्या जन्माचं सगळं विचारलं. मी सांगत होते, ते लिहीत होते. मग म्हणाले, "कार्ड आणलंय?"

सवयीने मी ते पिशवीत घातलेलं होतं. त्यांनी उघडलं, बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"दीड वर्षाला चालत होती?"

मी मैत्रीचा फ्रॉक खाली ओढला.

"ही खूण कुणी केली?"

"सेविकेनं," मी म्हटलं.

"मूल खरंच चालत होतं का? तुम्ही आई आहात, तुम्हाला आठवत असेल."

"चार पावलं... टाकायची," मी म्हटलं. गाड्याचं नाव काढलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, पाय मला एक सांगतात आणि कार्ड दुसरं. जन्मापासूनच उशीर असेल तर एक गोष्ट. पण चालणारं मूल चालायचं थांबलं असेल तर ते फार वेगळं. मग मेंदूचा, मज्जातंतूंचा वाढत जाणारा आजार नाही ना, ते लगेच बघावं लागतं. मला वाट बघता येणार नाही." त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. बेशुद्ध करून मेंदूचा फोटो, पाठीत सुई घालून पाणी काढणं, आणखी काय काय तपासण्या. मी मान हलवत राहिले.

तेव्हाच बोलता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. 'साहेब, सेविका मीच. टिक खोटी आहे.' पण तोंडाला कुलूप लागलं. नोकरी जाईल, गावात कळेल, रुक्मीण काय म्हणेल, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. लेकरू टेबलावर उघडं पडलेलं आणि माझ्या डोक्यात रुक्मीण.

बाहेर आले तर आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनले गं?"

"मोठ्या दवाखान्यात जायचंय."

त्यांच्या हातातला डबा कलंडला. भाजी सगळ्या पायरीवर सांडली.

चार दिवस

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मोबाईलवर 'वाढत जाणारा आजार' शोधू नये ते मी शोधलं. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. खूण खोटी आहे हे मला पक्कं माहीत असूनही मला वाटायला लागलं, की खरंच चालत होती का ती? खरंच काही गेलं का तिचं? मी मैत्रीला दिवसातून दहा वेळा भिंतीशी उभी करायची आणि काल जेवढी उभी राहिली तेवढीच आज राहते का ते बघायची. ती कंटाळून रडायची.

पांगुळगाडा मामांनी उचलून गोठ्याच्या माळवदावर टाकला. मैत्रीचे बाबा सुट्टी टाकून आले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "पाठीत सुई घालनार म्हने हो लेकराच्या." त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि मला कळलं की ती सुई डॉक्टर घालणार नाही, मी घालणार आहे.

तरी बोलले नाही. भीती माणसाला किती हलकं करते हे त्या चार दिवसांत मी शिकले.

चुडाव्याचं स्टेशन

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तिघे स्टेशनावर बसलो होतो. मैत्री बाबांच्या मांडीवर बिस्कीट खात होती. गाडीला वीस मिनिटं होती.

"तुमाला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सांग की."

"मैतू कदी चालतच नव्हती."

"मग? मला काय ठाऊक न्हाई का ते?"

"डॉक्टरला ठाऊक न्हाई."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. रुक्मीण, कार्ड, टिक, पथक, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते. तेवढ्यात गाडी आली. स्टेशनाचा फलाट खाली आणि डब्याच्या पायऱ्या उंच, त्यांनी मैत्रीला वर दिलं, मग मला हात दिला. हात दिला एवढ्यानेच मला रडू आलं.

पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते. तिथे ते बोलले.

"लोकांच्या बायकांना शिकवतीस तू," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मी तिकडं निवांत होतो. म्हनलं, वंदनाला सगळं समजतं. लेकराची फिकीर मी केलीच न्हाई कदी."

"चूक माजी हाय."

"तुजी हायच. माजी बी हाय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परभणीला उतरू. आधी त्या डॉक्टरला खरं सांगू. मग ते म्हनतील तिकडं जाऊ."

तिकिटं पुढची होती. आम्ही परभणीला उतरलो.

खोडा

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी मैत्रीला पुन्हा तपासलं, यांना सगळं विचारलं, आत्याबाईंना फोन लावून त्यांनाही विचारलं. मग आपली चिठ्ठी परत मागून घेतली.

"जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा," ते म्हणाले. "त्याने पायांचे स्नायू ताठ राहतात. हा आजार वाढत जाणारा नाही. मेंदूचा फोटो पुढे काढू, त्याची इतकी घाई नाही. व्यायामाची आहे. ती आठ महिन्यांपूर्वीच होती."

"चालंल का?" यांनी विचारलं.

"आज सांगता येत नाही. हात चांगले आहेत, समज चांगली आहे, बसते छान. बरंच काही तुमच्या घरावर आहे."

मग त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि पेन दिलं. "तुम्हीच खोडा. शेजारी सही करा."

मी टिकेवर आडवी रेघ मारली. 'नाही' लिहिलं. सही केली. उठताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, तुमच्या अंगणवाडीत अशा अजून किती खुणा आहेत?"

शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन विसरले असते. हा प्रश्न विसरता आला नाही.

घरावर आहे म्हणजे काय

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मैत्रीला हातही लावला नाही. मलाच विचारत बसल्या. घरात किती माणसं, फरशी कशी, मूल काय खातं, कुणाबरोबर खेळतं. आणि मग, "दिवसभरात ती जमिनीवर किती वेळ असते?"

मी आठवू लागले. सकाळी आत्याबाई, मग अंगणवाडीत भिंतीशी थोडी उभी नाहीतर माझ्या किंवा कांताबाईंच्या मांडीवर, संध्याकाळी मामा. "अंघोळीला बसवते तेवढी," मी म्हटलं.

"जन्माच्या वेळी झालं ते तुमच्या हातात नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण त्यानंतर पायांना काम मिळायला हवं होतं. ज्या मुलाला जास्त सराव लागतो, त्यालाच तुम्ही सगळ्यात कमी दिला. मायेनेच दिला नाही, ते कळतं मला."

हे वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं आणि आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. ज्या मायेने लेकरू जगवलं, तीच माया नडली असं कुणी म्हटलं तर म्हाताऱ्या माणसाने काय करावं?

रोज तीनदा व्यायाम. गुडघा सरळ धरायचा, पाऊल हळूहळू वर दाबायचं, वीसपर्यंत मोजायचं. मैत्री बारापर्यंत सहन करायची आणि मग किंचाळायची. "आई, नको ना. आई, मी शहानी हाय ना." आत्याबाई उठून बाहेर जायच्या. एकदा गेल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "कसाईन हायस का गं तू? लेकराला रडवायलीस." मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. त्या रागाने बघत राहिल्या. थोड्या वेळाने मैत्रीच्या डोक्याशी येऊन बसल्या आणि माझ्याबरोबर मोठ्याने आकडे मोजू लागल्या. बारा आला की आवाज चढवायच्या, तेरा, चौदा, पंधरा. मैत्री त्यांच्या तोंडाकडे बघत रडायचं विसरायची. त्या दिवसापासून मोजणं आत्याबाईंकडे आहे. सोळा आणि सतरा त्या दर वेळी गाळतात, मी टोकत नाही.

आठवड्यातून एकदा परभणी. सकाळची गाडी, दवाखान्याच्या बाकावर दोन तास, तीच ती मुलं, त्यांच्या त्याच त्या आया. एकमेकींची नावं आम्हाला माहीत नाहीत, मुलांची आहेत. तिथे कुणी कुणाला 'अजून चालत न्हाई का?' असं विचारत नाही. एवढ्यासाठीसुद्धा मला तो बाक आवडतो.

पट्ट्यांचे बूट मिळाले. पहिल्या दिवशी मैत्रीने ते ओढून काढायचा प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी मामांना दाखवले, तिसऱ्या दिवशी झोपताना काढू देईना.

मामांनी ओसरीतलं सगळं सामान हलवलं, फरशी घासून घेतली, भिंतीच्या खालच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. विंचवाचा प्रश्न त्यांनी असा मिटवला. पांगुळगाड्याला व्यायामाच्या मॅडमनी आधी बंदी केली होती, "टाच टेकेपर्यंत नको, गाडा पळतो आणि पोरगी चवड्यावर पळते." पाच महिन्यांनी म्हणाल्या, "आता आणा. पण जड करून." मामांनी माळवदावरून गाडा उतरवला, त्यावर फळी ठोकली आणि चार विटा बांधल्या. आता गाडा पळत नाही. ढकलायला टाच टेकवावीच लागते.

डावी टाच टेकते. उजवी कधी टेकते, कधी नाही. थंडीत पाय पुन्हा ताठ झाले तेव्हा मला वाटलं सगळं मागे गेलं. तसं दर महिन्याला एकदा वाटतं.

कार्डं

पर्यवेक्षिका मॅडमना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी लेखी खुलासा मागितला, मी दिला. त्याचं पुढे काय होणार, अजून कळलेलं नाही. दर सोमवारी कार्यालयात गेले की मी आधी तेच विचारते.

मग मी सगळ्या मुलांची कार्डं काढली आणि घरोघर गेले. आपण न बघता, आईच्या शब्दावर किती खुणा केल्या होत्या ते पाहून मला घाम फुटला. बहुतेक खऱ्या निघाल्या. रुक्मीणच्या घरी मात्र दारातच थांबावं लागलं. तिचा धाकटा गणेश, दोन वर्षांचा, तिच्या कडेवर होता.

"चालतोय का गं गणेश? खाली सोड बरं जरा."

"चालतोय की. आताच उठलाय, किरकिर करायलाय," ती म्हणाली आणि पदर त्याच्या पायांवर ओढून घेतला.

तो पदर मी ओळखला. मीही तसाच ओढत होते. मी जोर केला नाही. काय तोंडाने करणार होते?

मागच्या महिन्यात पथक पुन्हा आलं. अंगणवाडीची खोली बायकांनी भरलेली. वजनकाटा समोरच्या भिंतीशी, मुलं मागच्या भिंतीशी. एकेक नाव घेतलं जात होतं आणि मूल पळत येऊन काट्यावर उभं राहत होतं. मैत्रीचं नाव घेतलं तेव्हा मी तिला उचलायला वाकले. सवय.

"मी येते," मैत्री म्हणाली.

कांताबाईंनी तिच्यापुढे गाडा लावला. तिने दांडी धरली. विटांचा गाडा करकरला. एक पाऊल. थांबली. दुसरं. चटईच्या काठाशी चाक अडलं आणि ती गुडघ्यांवर बसली. माझा हात आपोआप पुढे गेला, कांताबाईंनी तो मनगटाला धरून ठेवला. पथकातले डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "ताई, घ्या ना उचलून. अजून बरीच मुलं आहेत."

"येईल ती," मी म्हटलं.

दांडी धरून ती पुन्हा उठली. उजवी टाच टेकली नाही. मग टेकली. काट्यापाशी पोचली तेव्हा तिच्या नाकावर घाम होता. तिने काट्यावर हात ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "आले."

डॉक्टरांनी कार्ड उघडलं. खोडलेली टिक पाहिली, माझी सही पाहिली.

"आधाराशिवाय चालते?"

"नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कुणी हसलं नाही. पुढचं नाव गणेशचं होतं. रुक्मीण त्याला कडेवर घेऊन मधोमध आली आणि तिथेच थांबली. मैत्रीच्या गाड्याकडे बघत राहिली. मग तिने गणेशला अलगद खाली ठेवलं. तो उभा राहिला नाही. पाय दुमडून बसला आणि तिच्या पायाला धरून वर बघू लागला.

रुक्मीणने पदराने तोंड पुसलं.

"ताई," ती मला म्हणाली, "आमच्या गणेशच्या कार्डावरची खून बी खोडा."